नऊ इंचांचा नियम आणि आधीची रोपं

दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, की तुम्ही जन्म रोपवाटिकेत काढला, तर त्यावर लिहा, आणि जरा गोड लिहा, संत्री सगळ्यांना आवडतात. मलाही आवडतात. पण रोपवाटिकेत संत्री नसतात. तिथं काटे असतात, शेणखत असतं, मोरचूद असतो आणि दिवसभर वाकून बसलेल्या बाया असतात. गोड ज्याला पाहिजे त्यानं बाजारात जावं.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तेवढ्यावर मी पांढुर्ण्याजवळच्या एका रोपवाटिकेत मुकादमीन झाले, कारण बाकीच्या बायांना पाटीवरचं वाचता येत नव्हतं. हाताचं म्हणाल तर माझ्यापेक्षा चांगल्या तीन-चार जणी होत्या. त्यांत पहिली यमुनाबाई. ती सावरगावची. जाम नदी ओलांडून सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. मला चाकू धरायला तिनंच शिकवलं. तिचा नवरा लकव्यानं खाटेवर पडून होता आणि घर तिच्या एकटीच्या हातावर चालायचं. रोपवाटिकेचं नाव मी लिहिणार नाही. ती आता राहिली नाही.

ज्यांनी कलम पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं झाड बी लावून करत नाहीत. जंबेरी म्हणून एक आंबट, रांगडं, काटेरी लिंबू असतं. त्याचं बी वाफ्यात टाकायचं. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की थंडीत त्याच्या खोडाला चाकूनं एक आडवी आणि एक उभी चीर द्यायची. साल हलक्या हातानं उचलायची. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, सालीसकट काढायचा आणि त्या चिरेत बसवायचा. वरून पट्टी गुंडाळायची. वीस-पंचवीस दिवसांनी डोळा हिरवा दिसला तर धरला, काळा पडला तर गेला. धरला की वरचं जंबेरीचं खोड कापून टाकायचं. खाली जंबेरी, वर संत्रा. पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मातीच्या गोळ्यासकट काढून शेतकऱ्याला द्यायचं. याला आम्ही डोळे भरणं म्हणतो. यमुनाबाई दिवसाला किती डोळे भरायची ते मी एकदा मोजलं होतं. आकडा लिहीत नाही, कोणी खरा मानणार नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. लोधीखेड्याचा एक जण यायचा, त्याला सगळी रोपं एकाच उंचीची लागायची. "बॅन्डवाल्यावानी लायनीत दिसली पायजे," म्हणायचा. उंचीच्या नादात चांगली रोपं टाकून मरतुकडी घेऊन जायचा. रामाकोन्याचे एक म्हातारे शेतकरी होते, सगळे त्यांना नाना म्हणत. ते रोपाकडे बघायचेच नाहीत. आधी वाफ्याशी उकिडवे बसायचे, माती चिमटीत घ्यायचे, आणि मग विचारायचे, "हे कोन्या बाईनं भरले?" नाव पटलं तर घ्यायचे.

आता मूळ गोष्ट. ऐंशीच्या दशकातली, सुरुवातीची.

आम्ही तोवर डोळा खाली भरायचो, जमिनीपासून पाच-सहा इंचांवर. तिथं खोड जाड असतं, साल लवकर सुटते, आणि रोप लवकर कलमाला येतं. आमच्या आधीच्या बायांनी तसंच केलं, त्यांनी आम्हाला तसंच शिकवलं. कोणी कधी काही म्हणालं नाही. मग मॅनेजर बदलले. नवे साहेब जबलपूरकडचे, शिकलेले, इस्त्रीचे कपडे, हिंदी बोलायचे. त्यांनी पहिल्याच थंडीत भिंतीवर पाटी रंगवली, की डोळा जमिनीपासून नऊ इंचांच्या खाली भरायचा नाही. प्रत्येकीच्या हातात इंचांच्या खुणा केलेली, नऊ इंचांची एक बांबूची काडी दिली.

नियम चांगला होता. हे मी आधीच लिहून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून लोक म्हणतील की म्हातारीला नियमांचा राग आहे. संत्र्याची साल नाजूक. ओली माती तिला लागली की खोडातून डिंक गळायला लागतो, साल कुजते, झाड वरून वाळत येतं. डिंक्या म्हणतात त्याला. जंबेरी तशी लेचीपेची नाही, ती मातीत तग धरते. म्हणून सांधा मातीपासून जितका वर तितका चांगला. साहेबांनी हे समजावून सांगितलं असतं तर पाच मिनिटं लागली असती. त्यांनी काडी दिली. नियमामागचं कारण मला नंतर नानांकडून कळलं.

यमुनाबाईनं पहिल्या दिवसापासून हात वर नेला. एकही डोळा नऊ इंचांच्या खाली नाही. मी म्हटलं, "जड नाई जात काय?"

ती म्हणाली, "जड कायचं जाते? मले पयले कोनी सांगतलं असतं तं पयलेच वरतं भरले असते. सांगतलं काय कोनी?"

म्हणजे नव्या कामात भांडण नव्हतंच. भांडण होतं आधीच्या रोपांचं. मागच्या थंडीत भरलेले वाफे समोर उभे होते, हिरवेगार, येत्या पावसाळ्यात विकायचे. ते सगळे पाच-सहा इंचांवरचे. नियम यायच्या आधी भरलेले.

साहेबांनी ते मोजायला लावले. ऑफिसच्या बाहेर एक फळा टांगला. त्यावर प्रत्येक बाईचं नाव आणि तिच्या रोपांत कमी उंचीवर डोळा भरलेली किती, तो आकडा लाल खडूनं. यमुनाबाईचा आकडा सगळ्यांत मोठा. तिनं डोळे सगळ्यांत जास्त भरले होते म्हणून तिचा आकडा सगळ्यांत मोठा, एवढा साधा हिशोब होता. पण फळ्यावर एकच आकडा लिहायला जागा होती.

बाया हसल्या. "काय वो यमुनाबाई, पयला नंबर आला तुहा! पेढे देशीन का नाई?"

"देतो ना. तुह्या सासूले बलाव, तिलेबी देतो," ती म्हणाली. सगळ्या पुन्हा हसल्या. ती हसली नाही. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मला विचारलं, "माह्या नावापुढं लाल काय लिवलं आहे?" मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढं गेली. मी बरोबर होते, कारण साहेबांना तिची बोली नीट कळायची नाही.

"साहेब, हे भरून झाले. आता ह्या डोळ्याले कोनाच्यानं वरतं नेनं होते काय? नाई होत. मंग याले चुन्याचा ठिपका लावा. घेनाऱ्याले तोंडावर सांगा, का बाबू, हे खालचं कलम आहे, उंच वरंब्यावर लावजो, माती खोडाले लागू देजो नको. नवे आमी नऊ इंचानं भरून राहिलो. हे जुने दोन पावसाळ्यात आपोआप सरतीन."

मी हिंदीत सांगितलं. साहेब म्हणाले, "दो नियम नहीं चलेंगे, बाई. पाटी एक है तो नियम एक है. छिंदवाडा से बडे साहब जाँच पर आनेवाले हैं. एक भी पौधा कम निकला तो मैं क्या जवाब दूँ?"

साहेब वाईट माणूस नव्हते. भ्यालेले होते. मला विचाराल तर वाईट माणूस परवडतो. भ्यालेला माणूस समोरच्या हिरव्या वाफ्याकडे बघतच नाही. त्याला फक्त फळ्यावरचा लाल आकडा दिसतो.

जाँच दहा दिवसांवर आली. साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, कमी उंचीची रोपं तरी उपटा, नाहीतर ज्यांची ती आहेत त्या बायांना कमी करा, तुम्हीच ठरवा. मी रात्रंदिवस विचार केला वगैरे खोटं लिहिणार नाही. मी तिथल्या तिथं ठरवलं. एका वाफ्याच्या कडेला पाण्यानं माती वाहून गेली होती. तिथल्या रोपांना काडी लावली की डोळा बरोबर नऊ इंचांवर यायचा. मी म्हटलं, "साहेब, माती ओढून घेतो."

ही अक्कल माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

डोळा वर जात नव्हता म्हणून आम्ही जमीन खाली नेली. दोन दिवसांत सगळ्या जुन्या वाफ्यांतून खुरप्यानं तीन-तीन, चार-चार इंच माती खोडापासून ओढून पाटात टाकली. मुळ्या उघड्या पडल्या. पांढऱ्या, बारीक, दोऱ्यासारख्या. यमुनाबाई खुरपं घेऊन नुसती बसली होती.

"कौसल्या, हे काय करून राहिली तू?"

"जाँचीपुरतं आहे. मंग माती परत लावू."

"चैत आहे. ऊन पाह्यलं काय?"

"दोन दिवसाचा तं सवाल आहे, यमुनाबाई. तुह्याचसाठी करून राहिली ना मी!"

ते खरंही होतं. तिला कमी केलं असतं तर तिच्या घरात चूल पेटली नसती. तिनं माझं ऐकलं. तिच्या तीन वाफ्यांची मातीही ओढली.

मोठे साहेब आले. जीपमधून उतरले, चार ठिकाणी काडी लावली, चारही ठिकाणी नऊ इंच. चहा प्याले. मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "हमारी मुकादमीनबाई बडी समझदार है." मला बरं वाटलं. आजही आठवलं की आधी बरंच वाटतं, मग बाकीचं आठवतं.

जीप गेल्यावर मी माती परत लावायची परवानगी मागितली. साहेब म्हणाले, नको. बडे साहब फिर आ सकते हैं. आणि फळ्यावरचे आकडे पुसून त्यांनी सगळ्यांपुढं शून्य लिहिलं होतं. माती लावली तर शून्य राहणार नव्हतं. मी म्हणू शकत होते की रोपं मरतील. मी म्हटलं, "जी साहेब."

आठवडाभरात पानं दुपारी मान टाकायला लागली. संध्याकाळी पाणी दिलं की उठायची, दुसऱ्या दुपारी पुन्हा खाली. बाया बघायच्या आणि गप्प बसायच्या, कारण मुकादमीन गप्प होती. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत मी आडवी झाले होते. उठून बघते तर यमुनाबाई एकटी तिच्या वाफ्यांत बसलेली, पाटातली माती टोपल्यानं आणून खोडांना लावून राहिलेली. तीनही वाफे तिनं चार दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून भरून काढले. लपवून नाही, सगळ्यांसमोर.

साहेबांच्या ते पाचव्या दिवशी नजरेत आलं. त्यांनी सगळ्यांना तिथं उभं केलं. माझ्या हातात काडी दिली. म्हणाले, नापो.

मी बसले. पहिलं रोप. काडी लावली.

"कितना?"

"साडेपाच," मी म्हणाले.

दुसरं. "कितना?"

"पाच."

अशी सहा रोपं मी मोजली. प्रत्येक आकडा खरा. सगळ्या वाटिकेत आता नियम मोडणारी एकटी यमुनाबाई होती, कारण रोपं जगवणारी तीच एकटी होती. साहेबांनी तिला त्याच दुपारी घरी पाठवलं. तिनं चाकू कमरेला खोचला, टोपलं उपडं करून झाडलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मोजलं बरोबर तू. मीच शिकवलं होतं." आणि गेली.

उन्हाळ्यात रामाकोन्याचे नाना रोपं सांगून ठेवायला आले. वाफ्यांतून चालत गेले आणि मध्येच थांबले. "काहून वो बाई, रोपायचं लुगडं काहून फेडलं?"

मी सांगितलं. नियम, जाँच, सगळं. ते खाली बसले, चिमटीत माती घेतली आणि मला पहिल्यांदा समजावलं की नऊ इंच कशासाठी. डिंक्याचं सांगितलं. मग म्हणाले, "म्हंजे नियम होता मातीपासून सांधा दूर ठेवाले. अन् तुमी मातीच नेली पळवून. माह्या शेतात तं माती आहे ना? तिथं मोजशीन तं पाचच भरन." मग यमुनाबाईचे वाफे दिसले. हिरवे. "हे मले दे." साहेबांनी ते खुशीनं दिले, कमी उंचीचा माल निघून चालला म्हणून. नानांनी ते उंच वरंब्यावर लावले, खोडाला माती लागू दिली नाही, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावलं. यमुनाबाई म्हणाली होती तेच. ती बाग मी पुढं पाहिली आहे. तिची फळंही खाल्ली आहेत.

उरलेल्यांपैकी दोन वाफे मृग लागायच्या आत जळाल्यासारखे झाले. बाकीची रोपं तगली, ती आम्ही विकली, नऊ इंचांची म्हणून विकली. शेतकऱ्यांनी विश्वासानं नेहमीसारखी सपाटीला लावली. चार-पाच वर्षांनी माणसं डिंक गळणाऱ्या साली कागदात गुंडाळून घेऊन यायची आणि विचारायची, बाई, पाटीवर तर नऊ इंच लिहिलं होतं. साहेब तोवर कधीच बदलून गेले होते. उत्तर द्यायला मी होते.

माझी नात पुण्याला कंप्युटरच्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. मागे आली होती तर वैतागलेली. त्यांच्याकडे नवे नियम आले म्हणे, प्रोग्रॅम कसा लिहायचा याचे. मशीनच सगळं तपासतं आणि नियमाबाहेर दिसलं की लाल करतं. जुन्या, कैक वर्षं चाललेल्या कामात लालच लाल निघालं. वरच्या साहेबाचं म्हणणं, पंधरा दिवसांत सगळं लाल गेलं पाहिजे, आणि कोणाचं किती लाल याची यादी रोज सगळ्यांना जाते. मी विचारलं, "ते जुनं चालून राहिलं काय?" म्हणाली, हो. "मंग जे चालून राहिलं त्याले उगाच हात लावशीन तं मोडशीन." ती म्हणाली, दोघांनी लाल घालवायच्या घाईत खरंच मोडलं. आणि एकानं तर काहीच सुधारलं नाही, मशीनला तेवढं बघू नको म्हणून सांगून ठेवलं. मला हसू आलं. मातीच ओढली की त्यानं.

मी तिला सांगितलं ते इथंही लिहिते, कोणाच्या कामी आलं तर. नियम आजपासूनच्या कामाला लावा आणि तिथं सूट देऊ नका, माझ्यासारखी मुकादमीन असली तरी देऊ नका. जुन्यावर खूण करा, उघड करा, लपवू नका. ज्या दिवशी त्या जुन्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायचाच आहे, त्या दिवशी तेही नीट करा. जे जुनं खरंच जीव घेईल ते मात्र आधी, थांबू नका. आणि नियम येण्याआधी ज्यानं काम केलं त्याचं नाव फळ्यावर लिहू नका. मला कंप्युटर कळत नाही. पण फळा कळतो.

नात म्हणाली, "आजी, तू हे तेव्हा का नाही बोललीस?" मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

आता मागचं एक राहिलंय ते लिहिते. साहेब दुसऱ्याच वर्षी गेले. नवे मॅनेजर इकडचेच होते, सौंसरचे. त्या थंडीत आमचे डोळे फार वाया जात होते. त्यांनी विचारलं, चांगला हात कोणाचा? मी म्हटलं, यमुनाबाईचा. तर म्हणाले, मग घेऊन या की.

मी नदी ओलांडून सावरगावला गेले. ती अंगणात तुरीच्या शेंगा ठोकत होती. नवरा आत खाटेवर. दीड वर्षात ती लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जात होती. बोटांना भेगा पडलेल्या. तिनं मला पाणी दिलं, बस म्हणाली. मी कामाचं सांगितलं. मला वाटलं होतं की ती लगेच उठेल.

ती म्हणाली, "येतो. पन एक सांगतो. मले सगळ्यायसमोर काढलं. तू सगळ्यायसमोर मोजलं. आता सगळ्यायसमोर सांग, का यमुना चुकली नव्हती. अन् माती काढाची अक्कल तुही होती. बस. बाकी मले काई नाई पायजे."

"सांगतो ना," मी म्हटलं. "उद्याच सांगतो."

"मी आत येनार नाई. तारेपाशी उभी राहीन. तू सांगतलं का मंग येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली होती. कुंपणाच्या तारेबाहेर, रस्त्याच्या कडेला, हातात चाकू फडक्यात गुंडाळलेला. आत बाया ओळीनं बसलेल्या, डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या संत्र्याच्या फांद्या, ओल्या पोत्यात ठेवलेल्या. चार नव्या पोरी होत्या, त्यांना मी रोज रागवायचे. नवे मॅनेजर ऑफिसच्या दारात होते. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, कारण रोज सकाळी मीच काम वाटायचे. मी उभी राहिले. शब्द पाठ केलेले होते. चारच वाक्यं होती. त्या नव्या पोरींकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं. मला वाटलं, आज सांगितलं तर उद्यापासून या माझं ऐकणार नाहीत.

मी म्हणाले, "चला, बसा. चौथ्या वाफ्यापासून डोळे भराले घ्या. नऊच्या खाली एकबी दिसला नाई पायजे."

बाया कामाला लागल्या. यमुनाबाई तारेपाशी थोडा वेळ उभी होती. मग तिनं पदर सारखा केला आणि सावरगावच्या वाटेला लागली. ती हळू चालायची, हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर बराच वेळ होती. मी हाक मारली नाही.